प्रकल्प नोंदी: रॉबर्ट लिप्साइटवरचा दिवाळी अंकाचा लेख

२ जून

दिवाळी अंकाच्या किशोर विभागासाठी लेख द्यायचं कबूल केलंय. खेळावर कादंबऱ्या लिहिणारा एखादा लेखक घ्यायचा, त्याचं आयुष्य आणि लेखन दोन्ही, आणि वाचणारी पोरं तेरा ते सोळाची. संपादक ताईंना तीन-चार नावं सुचवली होती, त्यातलं रॉबर्ट लिप्साइट पक्कं झालं. मला तोच हवा होता. कारण या प्रकारात लिहिणारे बरेचसे लोक आधी खेळाडू, कोच नायतर शाळामास्तर असतात, त्यांना खेळ आवडत असतो आणि तो मुलांना आवडावा म्हणून ते लिहितात. हा माणूस न्यूयॉर्क टाइम्सचा क्रीडा पत्रकार, आयुष्यभर स्टेडियमात बसून पगार घेतला, आणि तरी खेळाकडे त्यानं कधी भक्तिभावानं पाहिलं नाही. असा माणूस पोरांसाठी बॉक्सिंगची कादंबरी लिहितो आणि ती पन्नास वर्षांनंतरही अमेरिकेतल्या शाळांत वाचली जाते, हे कसं झालं ते लिहायचंय.

काम करता करता इथे टिपत जाणार, म्हणजे शेवटी लेख लिहिताना शोधाशोध नको.

आधी सांगाडा टाकते. जन्म १६ जानेवारी १९३८, न्यूयॉर्क. पहिली किशोर कादंबरी 'द कंटेंडर', १९६७. मग थेट दहा वर्षांनी 'वन फॅट समर', १९७७. मग 'द ब्रेव्ह' १९९१ ला आणि 'द चीफ' १९९३ ला, आणि त्याच मालिकेतलं 'वॉरियर एंजल' २००३ ला. पुढे 'रेडर्स नाइट' २००६ आणि 'यलो फ्लॅग' २००७. मधेमधे टीव्ही, कॅन्सर, परत टाइम्स, बरंच काही. २००१ साली मार्गारेट ए. एडवर्ड्स पुरस्कार, जो अमेरिकेत किशोर साहित्यातल्या एकूण कामगिरीसाठी देतात.

५ जून

बालपण. इथे एक गोष्ट लगेच हाताला लागली आणि मला वाटतं तीच लेखाची दोरी आहे: लिप्साइट लहानपणी जाडा होता. नुसता गुटगुटीत वगैरे नाही, वर्गातली पोरं ज्याला रोज चिडवतात आणि टीम पाडताना कुणी घेत नाही तसा जाडा. क्वीन्समधलं रेगो पार्क, आईवडील दोघंही शिक्षणक्षेत्रातले, वडील शाळेचे प्रिन्सिपल, घरात पुस्तकं भरपूर. बाहेर गल्लीत मार खायचा आणि घरात येऊन वाचायचं असं चाललेलं. १९५२ च्या उन्हाळ्यात, चौदाव्या वर्षी, लोकांच्या हिरवळीचं गवत कापायचं काम धरलं आणि त्यात वजन उतरलं. तोच उन्हाळा पुढे पंचवीस वर्षांनी कादंबरीत आला.

बेसबॉलचं म्हणाल तर त्या काळच्या न्यूयॉर्कच्या मुलासाठी हे जवळजवळ अधर्मच, पण मोठ्या लीगची मॅच बघायला तो लहानपणी फार कमी वेळा गेला. शाळेचं शेवटचं वर्ष गाळून फोर्ड फाउंडेशनच्या योजनेतून लवकरच कोलंबिया विद्यापीठात शिरला, एकोणिसाव्या वर्षी पदवीधर. पुढे कॅलिफोर्नियात शिकायला जायचा बेत होता, त्याआधी उन्हाळ्यापुरती नोकरी म्हणून १९५७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये कॉपीबॉय लागला. कॉपीबॉय म्हणजे बातम्यांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेणारा, चहा-कॉफी आणणारा, पेन्सिली भरून ठेवणारा. जागा निघाली ती क्रीडा विभागात. कॅलिफोर्निया राहिलं ते राहिलंच.

लेखात हे नीट यायला हवं की त्याला खेळाच्या बातम्या लिहायचं वेड नव्हतं, त्याला लिहायचं वेड होतं, आणि रिकामी खुर्ची खेळाच्या टेबलाला होती.

९ जून

आज सगळा वेळ मायामीवर गेला, २५ फेब्रुवारी १९६४. हा भाग पोरांना आवडणार म्हणून जरा जास्त जागा देणार आहे.

त्याआधीचं थोडक्यात: १९६२ ला न्यूयॉर्क मेट्स ही नवी बेसबॉल टीम आली, ती इतकी वाईट खेळायची की त्यातच मजा होती, आणि लिप्साइट तिच्यामागे फिरायचा. हरणाऱ्या टीमबद्दल लिहिता लिहिता त्याचा हात बसला असं माझं मत. जिंकणाऱ्यांबद्दल लिहायला विशेषणं लागतात, हरणाऱ्यांबद्दल लिहायला माणसं बघावी लागतात.

आता मायामी. हेवीवेट चॅम्पियन सॉनी लिस्टन, ज्याला बघून लोकांना धडकी भरायची, आणि समोर बावीस वर्षांचा तोंडाळ कॅशिअस क्ले, म्हणजे अजून मुहम्मद अली न झालेला. पैजांचा भाव क्लेच्या विरुद्ध सातास एक. टाइम्सच्या नेहमीच्या बॉक्सिंगवाल्या पत्रकाराला या सामन्यात काही दम वाटला नाही, क्ले लवकरच आडवा होणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं, म्हणून सव्वीस वर्षांचा लिप्साइट पाठवला. ऑफिसचा हुकूम काय, तर पोचल्यावर गाडी भाड्यानं घे आणि स्टेडियमपासून जवळच्या हॉस्पिटलचा रस्ता एकदा चालवून बघ, म्हणजे क्लेला नेतील तेव्हा तुझा वेळ जायला नको!

आणि त्याच आठवड्यात, १८ फेब्रुवारीला, क्लेच्या जिममध्ये बीटल्स आले. ते तेव्हा अमेरिकेत पहिल्यांदाच आलेले, फोटोसाठी त्यांना कुणीतरी आणलं होतं, आणि क्ले यायला उशीर झाला तर ते निघायला लागले, मग त्यांना ड्रेसिंग रूममध्ये कोंडून ठेवलं आणि त्यांच्यासोबत आत अडकला लिप्साइट. तो नाव सांगून ओळख करून घेतोय आणि हे चौघं एकमेकांची नावं आपली म्हणून सांगतायत. मग दार उघडून क्ले आला आणि सगळ्यांना घेऊन रिंगमध्ये गेला. सगळे गेल्यावर क्लेनं लिप्साइटला विचारलं की ही पोरं कोण होती. त्याला माहीतच नव्हतं.

मॅच झाली, सातव्या राउंडला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. क्ले चॅम्पियन. हॉस्पिटलचा रस्ता काही कामाला आला नाही. बातमी पहिल्या पानावर, आणि लिप्साइट टाइम्सचा बॉक्सिंगवाला झाला.

एक विचार डोक्यात राहिला. या सामन्याच्या आधी क्ले घाबरलेला होता का? वजन करायच्या वेळी त्यानं जो थयथयाट केला तो बघून तिथल्या लोकांना वाटलेलं की हा भीतीनं वेडा झालाय. लिप्साइटच्या डोक्यात भीतीचा विषय तिथूनच बसला असणार असं मला वाटतं, कारण पुढच्या वर्षी त्यानं जे ऐकलं त्याला तो लगेच चिकटला.

१३ जून

जिना! हा लेखाचा मधला खांब.

नोव्हेंबर १९६५, लास व्हेगास, अली विरुद्ध फ्लॉइड पॅटरसन. मॅचसाठी गेलेल्या लिप्साइटची गाठ कस डमॅटोशी पडली. डमॅटो म्हणजे पॅटरसनला १९५६ साली एकविसाव्या वर्षी तोपर्यंतचा सगळ्यात तरुण हेवीवेट चॅम्पियन करणारा मॅनेजर, आणि आपल्याकडच्या लोकांना ओळखीचं नाव सांगायचं तर पुढे म्हातारपणी माइक टायसनला घडवणारा तोच. मॅनहॅटनमध्ये चौदाव्या रस्त्यावर त्याची जिम, आणि तिथं जायला अरुंद, अंधारा, उंचच उंच जिना.

डमॅटो सांगत होता की तो वर बसून जिन्यावरच्या पावलांचा आवाज ऐकायचा. मित्रांबरोबर हसतखिदळत येणारी पोरं वेगळी, बापानं हात धरून आणलेली वेगळी. तो वाट बघायचा ती एकट्यानं येणाऱ्या पोराची, रात्री, घाबरलेला, पण खालच्या रस्त्यावरच्या आयुष्याला त्याहून जास्त घाबरलेला म्हणून वर चढणारा. अशा पोरातून काहीतरी होऊ शकतं असं त्याचं म्हणणं. भीती सगळ्यांनाच वाटते, शूराला पण आणि पळपुट्याला पण, कोण काय करतो एवढाच फरक, हे डमॅटो जन्मभर सांगत राहिला.

दुसरा पत्रकार असता तर डमॅटोवर एक छान लेख लिहून मोकळा झाला असता. लिप्साइटला प्रश्न पडला तो पोराचा. कोण असेल तो? खाली काय सोडून आला? वर चढल्यावर काय? आणि हे प्रश्न बातमीत बसत नाहीत कारण असा एक ठरावीक मुलगा अस्तित्वातच नाही, तो तयार करावा लागणार. त्याच सुमाराला हार्पर अँड रो या प्रकाशन संस्थेतून पत्र आलं की बॉक्सिंगच्या जगावर कादंबरी लिहायचा विचार केलायत का. झालं. १९६७ ला 'द कंटेंडर' आली.

लेखाची सुरुवात इथूनच करावी असं आत्ता वाटतंय. जन्मापासून सुरू केलं तर पोरं दुसऱ्या परिच्छेदात पान उलटणार.

१६ जून

'द कंटेंडर' परत सलग वाचली. आधी वाचली होती तेव्हा गोष्टीसाठी, आता पेन्सिल घेऊन.

हार्लेम, न्यूयॉर्कचा काळ्या लोकांचा भाग. आल्फ्रेड ब्रुक्स, सतरा वर्षांचा, आईवडील नाहीत, शाळा सुटलेली, पर्ल मावशीकडे राहतो आणि एका ज्यू कुटुंबाच्या किराणा दुकानात माल लावायचं काम करतो. जिवलग मित्र जेम्स वाईट संगतीत. ती टोळी त्याच दुकानात चोरी करायला जाते, आल्फ्रेड अलार्मबद्दल सांगायचं विसरतो, जेम्स पकडला जातो, बाकीचे आल्फ्रेडला बडवतात. आणि त्यानंतर तो रात्री डोनाटेलीच्या जिमचा जिना चढतो. म्हणजे डमॅटोचा जिना जसाच्या तसा.

आता मला जे भारी वाटलं ते. डोनाटेली त्याला काहीच वचन देत नाही. चॅम्पियन होणं कुणाच्या हातात नसतं, त्याच्या आधी माणसानं दावेदार व्हावं लागतं, म्हणजे पाय, डोकं आणि काळीज नेईल तिथपर्यंत जायची तयारी, आणि त्यालाही महिनोनमहिने पहाटे उठून पळणं, दोरी, बॅग, डाएट, परत पळणं. पुस्तकातला मोठा भाग हाच आहे. प्रत्यक्ष मॅचेस अगदी मोजक्या. एकीत तो समोरच्याला असा आडवा करतो की तो बराच वेळ उठत नाही, आणि आल्फ्रेडला जिंकल्याचा आनंद व्हायच्या ऐवजी पोटात ढवळतं. डोनाटेलीच्या ते लक्षात येतं. या पोरात समोरच्याला संपवायची वृत्ती नाही, म्हणून तो त्याला थांबायला सांगतो. आणि आल्फ्रेड म्हणतो अजून एकच, मला कळायला हवं. ती शेवटची मॅच तो हरतो. पॉइंटवर हरतो, पण उभा राहून. आणि पुस्तक तिथेही संपत नाही, ते संपतं तो जेम्सला शोधायला जातो तिथे.

भाच्याला (नववीत आहे, क्रिकेट कोचिंग, पुस्तकांशी फार सख्य नाही) मी गोष्ट तोंडी सांगितली, बघू काय म्हणतो म्हणून. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "मावशी, म्हणजे तो एवढी प्रॅक्टिस करून हरला आणि बॉक्सिंग सोडून दिलं? मग काय उपयोग?" मी म्हटलं तुला काय वाटतं. तर म्हणे, "नाय, पण शेवटची मॅच त्यानं का मागितली ते मला कळलं. आमच्याकडे पण सर बसवतात ना कुणालातरी बाहेर, त्याला पण एकदा खेळून बघायचं असतं." एवढं बोलून मोबाईल घेऊन गेला. हे लेखात घालणार नाही, पण लिहिताना समोर हाच वाचक धरायचा.

अजून एक नोंद: १९६७ हेच साल अमेरिकेतल्या किशोर साहित्याची सुरुवात म्हणून सांगतात, कारण एस. ई. हिंटनची 'द आउटसायडर्स' पण त्याच वर्षीची. ती लिहिली तेव्हा हिंटन स्वतः टीनएजर होती. याच्या आधी खेळाच्या कादंबऱ्या नव्हत्या असं नाही, खूप होत्या, पण बहुतेकांत शेवटच्या मिनिटाला गोल नायतर रन मारून शाळा जिंकायची. हरलेला हीरो ही नवी गोष्ट होती.

२१ जून

साठच्या दशकातलं राहिलेलं. टाइम्समध्ये काय छापता येत होतं आणि काय नाही, हे समजल्याशिवाय त्याच्या कादंबऱ्या कळत नाहीत, म्हणून इथे जरा खोलात गेले.

अलीनं नाव बदललं तरी पेपर बरीच वर्षं कॅशिअस क्लेच छापत राहिला. लिप्साइट कॉपीत मुहम्मद अली लिहायचा आणि डेस्कवर ते कापलं जायचं. त्यानं अलीची माफी मागितली तर अलीनं त्याची गंमतच केली, की गोऱ्यांच्या सत्तेतला तू एक धाकटा भाऊ, तुझ्या हातात काय आहे.

मग १७ फेब्रुवारी १९६६, मायामी. अलीला सैन्यात बोलावता येईल असा त्याचा वर्ग बदलल्याची बातमी आली. भाड्याच्या घराबाहेर हिरवळीवर खुर्च्या टाकलेल्या, लिप्साइट तिथेच. दिवसभर फोनवर फोन, पत्रकार एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतायत, व्हिएतनामबद्दल काय वाटतं, आणि वैतागून शेवटी अली ते बोलला की माझं व्हिएतकाँगशी (म्हणजे व्हिएतनाममध्ये अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्या गनिमांशी) काही भांडण नाही. इतिहासात ते वाक्य मोठ्या राजकीय भूमिकेसारखं कोरलं गेलंय. समोर बसलेल्या माणसाला ते एका थकलेल्या, गोंधळलेल्या चोवीस वर्षांच्या पोराच्या तोंडून निघताना दिसलं, आणि तो पोरगा नंतर त्या वाक्याइतका मोठा झाला. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कादंबरीतल्या आल्फ्रेडचं पण असंच आहे. आधी कृती, अर्थ नंतर.

आणि १९६८. त्याच्याच जुन्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या, आणि खेळाडू पोरं त्यांच्या विरोधात उभी राहिली. तिथल्या नौकानयनाच्या कोचनं, बिल स्टो, लिप्साइटला जगाचे दोन भाग करून सांगितले, एक जॉक्स, म्हणजे खेळाडू, शिस्तीचे, मर्द, आणि दुसरे पुक्स, म्हणजे केस वाढवलेले, वाचणारे, विचार करणारे, ओकारी आणणारे. लिप्साइटनं ही विभागणी आयुष्यभर सोडली नाही, दशकानुदशकं तिच्यावर लिहीत राहिला. त्याचं म्हणणं असं की ही जॉक संस्कृती फक्त मैदानावर नसते, ती ऑफिसात, राजकारणात, घरात पण असते आणि जो तिच्यात बसत नाही त्याला लहानपणीच कळतं की आपण दुसऱ्या गटातले. आता लहानपणचा जाडा मुलगा आठवा. त्याला कोचनं सांगायची काय गरज!

१९७१ ला टाइम्स सोडला. १९७५ ला 'स्पोर्ट्सवर्ल्ड' नावाचं मोठ्यांसाठीचं पुस्तक, खेळाच्या धंद्यावर चांगलेच कोरडे ओढलेत. लेखात एक ओळ बास.

२४ जून

'वन फॅट समर'. छोटीशी, विनोदी, आणि माझ्या मते त्याची सगळ्यात चांगली. बॉबी मार्क्स, चौदा वर्षांचा, पोहायच्या तळ्याकाठच्या सुट्टीच्या घरी, टीशर्ट काढायची लाज म्हणून पाण्यात न उतरणारा. गवत कापायचं काम धरतो, मालक कंजूष आणि खडूस, गावातली दांडगी पोरं जिवावर उठलेली. खेळाची स्पर्धा म्हणून अशी नाहीच पुस्तकात, तरी त्याच्या खेळाच्या कादंबऱ्यांच्या यादीत मी ती घेणारच, कारण शरीराबद्दलची लाज हाच तर त्या सगळ्या पुस्तकांचा तळ आहे. पुढे 'समर रूल्स' आणि 'द समरबॉय' असे दोन भाग आले.

१९९७ ला न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये एका मिडल स्कूलनं ही वाचनाच्या यादीतून काढली, वयात येणाऱ्या मुलाच्या मनातल्या एका प्रसंगावरून. ताईंना विचारायचं हे किती सांगायचं. माझं मत, एका वाक्यात स्पष्ट सांगायचं, पोरांना सगळं माहीत असतं.

३० जून

मधली वर्षं भराभर. १९७८ ला वृषणाचा कॅन्सर, चाळिशीचा असताना. बरा झाला. मग टीव्ही: सीबीएसच्या रविवार सकाळच्या कार्यक्रमात खेळावरचे टिपणवजा तुकडे, नंतर एनबीसी, नंतर न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहिनीवर रात्रीच्या मुलाखतींचा कार्यक्रम, त्याला एमी मिळालं. १९९१ ला टाइम्समध्ये कॉलमिस्ट म्हणून परत, आणि त्याच वर्षी कॅन्सर पण परत. १९९२ च्या 'द केमो किड' या कादंबरीत केमोथेरपी चालू असलेला मुलगा आहे, त्यातला विनोद आजारपण बघितलेल्या माणसाचाच.

आणि १९९१ लाच 'द ब्रेव्ह'. हे मला लेखात नीट हवंय, कारण चोवीस वर्षांनी आल्फ्रेड ब्रुक्स परत येतो आणि तो आता पोलीस सार्जंट आहे. बॉक्सर झाला नाही, पण रस्त्यावरून आलेल्या पोरांना ओळखतो. गोष्ट सॉनी बेअरची, सतरा वर्षांचा, अर्धा मूळ अमेरिकन, रिझर्वेशनवरून, म्हणजे मूळ अमेरिकनांसाठी राखून ठेवलेल्या वस्तीतून, पळून न्यूयॉर्कला आलेला, डोक्यात राग मावत नाही. आल्फ्रेड त्याला त्याच जिमकडे पाठवतो, म्हणजे डोनाटेलीनं जे त्याला दिलं ते तो पुढे देतो. आणि मग लिप्साइट आल्फ्रेडला गोळी लागून व्हीलचेअरवर आणतो. वाचताना मला रागच आला. 'कंटेंडर' वाचून मोठ्या झालेल्या अमेरिकन वाचकांना काय वाटलं असेल! पण नंतरच्या भागांत व्हीलचेअरवरचा आल्फ्रेड ज्या पद्धतीनं परत कामाला लागतो त्यात जिना चढणारा मुलगाच दिसतो, ते नाकारता येत नाही.

'द चीफ'मध्ये गोष्ट सांगणारा सॉनी नाही, त्याचा मित्र, चष्मीस, लेखक व्हायचं असलेला. वाचणारा लगेच ओळखतो की प्रेस बॉक्समधला लिप्साइट गोष्टीत शिरला.

४ जुलै

आज अडकलेला प्रश्न: गोऱ्या ज्यू पत्रकारानं हार्लेममधल्या काळ्या मुलाची गोष्ट लिहिली, हे आज कसं वाचायचं? टाळून पुढे जाता येतं पण मग लेख गुळमुळीत होणार.

माझं मत असं बनलंय. 'कंटेंडर' लिहायच्या आधी त्यानं काळा विनोदी कलाकार आणि नागरी हक्कांचा कार्यकर्ता डिक ग्रेगरी याच्याबरोबर त्याचं आत्मचरित्र लिहिलं होतं, १९६४ साली, म्हणजे एका काळ्या मुलाच्या गरिबीतल्या बालपणाचं बारीकसारीक त्यानं तासन्‌तास ऐकून कागदावर उतरवलं होतं. शिवाय जिममधलं जग तर तो रोज बघत होता. म्हणून जिम, दुकान, पर्ल मावशीचं चर्चला जाणं, हे सगळं घट्ट उभं राहतं. जिथे तो हार्लेमच्या राजकारणावर बोलायला जातो तिथे पात्रं जरा भाषणं ठोकायला लागतात. सॉनी बेअरच्या बाबतीत माझी तक्रार जास्त आहे: त्याची जमात मॉस्कोन्डागा ही लेखकानं बनवलेली. खऱ्या जमातीबद्दल चुकीचं काही लिहिलं जाऊ नये म्हणून केलं असेल, पण त्यामुळे त्या पुस्तकातलं रिझर्वेशन हार्लेमइतकं खरं वाटत नाही. 'कंटेंडर'मध्ये रस्त्यांची नावं आहेत, तिथून चालत जाता येतं.

हे सगळं पोरांच्या लेखात एका परिच्छेदात आणायचंय. आणणार.

८ जुलै

'रेडर्स नाइट', २००६. अमेरिकन फुटबॉल, हायस्कूल टीम, मॅट रायडेक हा कॅप्टनांपैकी एक. स्टेरॉइड्स सर्रास, बाप मागे लागलेला, आणि ट्रेनिंग कॅम्पमध्ये नव्या मुलावर 'गंमत' म्हणून लैंगिक अत्याचार होतो. सगळे गप्प. मॅटनं बघितलंय. बोलायचं की टीम वाचवायची, हीच कादंबरी.

इथे लिप्साइटचं वय अडुसष्ट. आणि सगळ्यात कडक पुस्तक हेच. चाळीस वर्षांपूर्वी जिम म्हणजे रस्त्यावरून सुटका होती, आता टीम हाच धोका झालाय. मला यात विरोधाभास दिसत नाही. आल्फ्रेड एकटा वर गेला होता, आणि वर त्याला असा मोठा माणूस भेटला जो थांब म्हणू शकत होता. मॅटच्या आजूबाजूच्या एकाही मोठ्याला थांब म्हणायचं नाही, कारण शुक्रवारी मॅच आहे. पत्रकार म्हणून त्यानं इतकी वर्षं पाहिलेलं सगळं इथे आलंय, आणि ते बातमीत कधीच आलं नसतं, कारण अशा बातमीला बोलणारा साक्षीदार लागतो आणि इथे सगळी गोष्टच न बोलण्याची आहे.

लायब्ररीतले लोक आणि शिक्षक या पुस्तकासाठी त्याला शाळेत बोलवायचे आणि मग कोच नायतर प्रिन्सिपल ते रद्द करायचे, हे त्यानंच सांगितलंय. २०११ च्या ऑगस्टमध्ये टाइम्सच्या पुस्तक पुरवणीत त्यानं मुलगे वाचत का नाहीत यावर लेख लिहिला, आणि त्याचा रोख हाच, की मुलग्यांना त्यांच्या खऱ्या भीतीबद्दलची पुस्तकं द्या. हा माणूस १९६५ पासून त्याच एका विषयावर आहे!

'यलो फ्लॅग' हलकी आहे, मोटार रेसिंगवाल्या घरातला मुलगा ज्याला ट्रम्पेट वाजवायचंय. ठीक. दोन ओळी.

११ जुलै

पहिला खर्डा लांबला, कापाकापी. काय गेलं: टीव्हीची वर्षं जवळपास सगळी, 'जॉक अँड जिल' ही किशोर कादंबरी, मोठ्यांसाठीचं कादंबरीलेखन, मूळ अमेरिकन खेळाडू जिम थॉर्पवरचं चरित्र. २०१३-१४ मध्ये ईएसपीएन या खेळाच्या वाहिनीचा ऑम्बुड्समन होता, म्हणजे वाहिनीच्याच पैशानं वाहिनीवर टीका करायची नोकरी, हे मात्र ठेवलं कारण त्याच्या स्वभावाला इतकी शोभणारी नोकरी दुसरी नसेल. मेट्सचा भाग मनावर दगड ठेवून एका वाक्यावर आणला.

क्रम असा लावला: जिना, मग पुस्तक, मग मागे जाऊन जाडा मुलगा, मग मायामी, मग ६६ आणि ६८, मग 'वन फॅट समर', आणि शेवटी आल्फ्रेड सार्जंट होऊन येतो ते आणि 'रेडर्स नाइट'. मायामी सुरुवातीला घ्या असं ताईंचं म्हणणं होतं, बीटल्स आहेत, अली आहे, चटकन पकडेल. खरंय, पण मग लेख अलीचा होतो. अली येणार, पण जिन्यानंतर.

१५ जुलै

लेख पाठवला. संध्याकाळी ताईंचा फोन, लेख आवडलाय पण शेवटी एक चौकट हवीय, कुठलं पुस्तक कुणी आधी वाचावं. इंग्रजी वाचायची सवय नसलेल्यांनी 'वन फॅट समर'पासून सुरू करावं, वाक्यं सोपी आणि हसायला येतं. खेळ हवाच असेल त्यांनी 'कंटेंडर', आणि ती आवडली तरच 'द ब्रेव्ह', उलट क्रमानं वाचलं तर आल्फ्रेडचं पुढे काय होतं ते आधीच कळून सगळी मजा जाईल. 'रेडर्स नाइट' अकरावी-बारावीच्यांनी, आणि शक्यतो घरातल्या किंवा शाळेतल्या कुणा मोठ्यानंही सोबत वाचावी. ताई म्हणाल्या, "अगं पण मोठी माणसं कुठे वाचतायत पोरांची पुस्तकं?" मी म्हटलं तरी छापा.

'वन फॅट समर'वर २०१८ ला 'मेझर ऑफ अ मॅन' नावाचा सिनेमा आलाय ते पण चौकटीत टाकलं. फोटोंचं बाकी आहे. क्ले आणि चार बीटल्सवाला फोटो सगळ्यांनाच हवा असतो, त्याच्या परवानगीचं आणि पैशाचं ताई बघतायत, नाही जमलं तर चित्रकाराकडून जिन्याचं चित्र काढून घ्यायचं.